विश्राम मेस्त्रीचे दात

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर एकदा बोलवा उठली, की विश्राम मेस्त्री मोटारी चावतो. शेजारच्या कमळाबाईंनी तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं म्हणे: बॉनेटात मुंडी आणि दातांत लोखंड! खरं होतं ते एवढंच, की लढाईच्या वर्षांत लष्करी गॅरेजातल्या गदारोळात विश्रामचे कान अधू झालेले. तेव्हापासून तो लांब पेचकसाचं टोक यंत्राला टेकवी, लाकडी मूठ दातांत धरी, आणि यंत्राचा ठोका त्याला थेट कवटीत ऐकू येई.

भाऊ वकिलांची नीला त्या दुपारी सासरी कल्याणला निघायची होती. जन्मल्यावर आईच्या मांडीवर ती ज्या मोटारीतून घरी आली, त्याच मोटारीतून तिची पाठवणी करायची, हा भाऊंचा हट्ट. आई आता नव्हती, मोटार होती. तिला भाऊंनी खपून खपून स्वतःच्या हातांनी रंग दिला. आणि पंगती उठल्या तरी बया सुरू व्हायचं नाव घेईना.

"पेट्रोलचा पंप मेला. दुसरी मोटार बघा!" मांडवातल्या जाणत्यांनी निकाल दिला.

विश्रामला बोलावणं गेलं. त्याने भाऊंना चावी फिरवायला लावली, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. ठोका नाही. पंपाच्या तारेला छोटा दिवा जोडून पाहिला, तर तो लख्ख पेटला. मग पंपाच्या अंगापासून मोटारीच्या उघड्या लोखंडापर्यंत त्याने एक सुटी तार धरली मात्र, पंप टकटकू लागला.

"भाऊ, पंप खोलून रंगवलात काय?"

"तर! पंप जिथं बसतो, त्या बैठकीखालीसुद्धा दोन हात दिलेत!" भाऊ त्याच्या कानाशी अभिमानाने ओरडले.

"तिथंच घोटाळा. पंपात आलेली वीज त्या बैठकीतूनच परत जाते. तुम्ही रंगानं वाट बुजवलीत. माया जरा जास्त झाली."

विश्राम बैठकीखालचा रंग खरवडू लागला, तेव्हा भाऊंनी तोंड फिरवलं. मोटार सुरू झाली. नीला मागे बसली, चालवायला विश्राम. भाऊ काही दार सोडेनात.

"मेस्त्री, वाटेत पुन्हा बंद पडली तर?"

"मुंब्र्याच्या अलीकडे पडली, तर ढकलत परत आणतो. पोर आणखी एक रात्र माहेरी राहील. तुमचं काय बिघडलं?"