पाय चौकटीतच होता

शिवानीच्या डाव्या डोळ्याला काही दिसत नाही. दिसतो तो फक्त एक चेंडू. पांढरा, लाल टाक्यांचा, जमिनीवरून उसळून वर येणारा. भाजी निवडताना येतो, फळ्यावर लिहिताना येतो, बसमध्ये जरा डुलकी लागली की येतो. हैदराबादच्या डॉक्टरांनी तेव्हाच समजावलं होतं, "डोळा गेला तरी मेंदू कधी कधी शेवटचं चित्र सोडत नाही. यात भुताखेताचं काही नाही." शिवानीच्या आईला, कमलम्माला, ते पटलं नाही. ती मठातून विभूती आणायची आणि रोज सकाळी लेकीच्या कपाळावर ओढायची. चेंडू येतच राहिला.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, शिवानीच्या अप्पांचं, वीरण्णांचं, सरकी-पेंडीचं दुकान आहे. पोरगी शाळेत सॉफ्टबॉल खेळायला लागली तेव्हा वीरण्णांना हा कसला खेळ तेच कळेना. पण पेपरात तिचा फोटो छापून आला आणि त्यांनी तो कापून गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवला. गिऱ्हाईक पेंड मोजून घेईपर्यंत अप्पा त्याला खेळ समजावून सांगत, बराचसा चुकीचा.

शिवानीबरोबर सावलीसारखी असायची अक्षरा. तिचे वडील बँकेत होते, घर दोन गल्ल्या पलीकडे. दोघी एकाच सायकलवर मैदानावर जायच्या. अक्षराचे पाय विजेसारखे आणि शिवानीच्या मनगटात जोर. एक मारायची, दुसरी पळायची.

दोघी दहावीला असताना लातूर जिल्ह्याचा संघ विभागीय स्पर्धेसाठी नांदेडला गेला. अंतिम सामना नांदेडशीच होता. मैदान उन्हानं भाजून पार टणक झालं होतं. बॅट करणारीनं जिथं उभं राहायचं तिथं चुन्याची चौकट आखलेली असते, ती दर दोन खेळाडूंमागे पुसट व्हायची आणि पुन्हा आखावी लागायची.

या चौकटीला सॉफ्टबॉलमध्ये फार महत्त्व. बॅटला लागलेला चेंडू कधी कधी फिरून मारणारीच्याच अंगावर येतो. अशा वेळी पंच आधी तिचे पाय बघतो. पाय चौकटीत असतील तर फाऊल. खेळ तिथंच थांबतो, पळालेल्या मुली मागे जातात, झालेलं सगळं न झाल्यासारखं धरतात. पण पाय चौकटीबाहेर टेकलेला असेल आणि चेंडू मैदानाच्या हद्दीत असेल, तर ती आऊट.

त्या दिवशी पहिल्याच डावात शिवानी अशी आऊट झाली. मारल्या मारल्या पळायची तिला घाई फार. पाऊल बाहेर पडलं आणि तिनंच मारलेला चेंडू तिच्या बुटाला चाटून गेला. बाहेर आल्यावर अक्षरानं तिला झापलं. "तुला किती डाव सांगितलं, चेंडू कुठं जाऊन राहिला ते बघ, मग पाय उचल!"

शेवटच्या डावात दोन्ही संघांचे गुण सारखे. अक्षरा तिसऱ्या बेसवर उभी, बॅट करणारीच्या पुढ्यातल्या प्लेटवर, म्हणजे 'घरी', पळत येऊन गुण घ्यायला टपलेली. शिवानी बॅटला. दोन स्ट्राईक होऊन गेले होते, आणखी एक चेंडू हुकला की आऊट. नांदेडकरांचा नुसता कल्ला चालला होता. त्या कल्ल्यातून अक्षराची हाक आली.

"शिवे, पाय सोडू नको! पाय सोडू नको!"

शिवानीनं तिच्याकडं बघून मान हलवली.

चेंडू ऐनवेळी खाली पडला. शिवानीची बॅट त्याच्या डोक्यावर बसली. तो प्लेटच्या कडेला आपटला आणि सरळ वर आला. तिचे पाय जागच्या जागी रोवलेले होते. हेल्मेट होतं, पण त्याला पुढं जाळी नव्हती.

डोळ्यावर हात दाबून ती खाली बसली. चेंडू घरंगळत गोलंदाजाकडं, पिचरकडं गेला. अक्षरानं काही पाहिलं नाही, ती जीव खाऊन पळत आली, घसरत प्लेटवर पोचली आणि हात वर करून ओरडली, "जिंकलो!" तेवढ्यात पंच रेणुकादास सरांचा करडा आवाज आला. "डेड बॉल! फाऊल! पाय चौकटीतच होता. रनर, मागे जा." आणि मग त्यांचंच लक्ष खाली गेलं. शिवानीच्या बोटांमधून रक्त येत होतं.

तिच्या जागी उर्वी नावाची मुलगी उभी राहिली. पहिलाच चेंडू तिनं हुकवला आणि ती आऊट झाली. सामना जादा डावात गेला आणि लातूर हरलं. तेव्हा शिवानी रिक्षात होती.

आधी नांदेड, मग हैदराबाद. डोळा वाचला नाही. वीरण्णा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून एकच विचारत राहिले, "पण चूक कुणाची?" रेणुकादास सर भेटायला आले होते. त्यांनी मान खाली घातली. "कुणाचीच नाही हो, वीरण्णा. पोरगी नियमानं खेळली." वीरण्णांना हे उत्तर सोसलं नाही. कुणीतरी चुकलं असतं तर बरं झालं असतं, त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. उदगीरला परतल्यावर त्यांनी गल्ल्यामागच्या भिंतीवरचा फोटो काढला. दुकानात खेळाचं नाव निघेनासं झालं.

सगळे येऊन गेले, अक्षरा आली नाही. शिवानी उजव्या डोळ्यानं दाराकडं बघत पडून राहायची. अक्षराच्या वडिलांची नायगावला बदली झाली, ते बिऱ्हाड गेलं, तरी ती निरोप घ्यायला आली नाही. कमलम्मा धुसफुसायची. "एका ताटात जेवल्या की गं तुम्ही! पोरीचं काळीज हाय का दगड?"

शिवानीला वेगळंच छळत होतं. चेंडू यायच्या आधी दर वेळी ती हाक ऐकू यायची. पाय सोडू नको. रस्ता ओलांडताना हाक आली की ती जागीच थिजायची, मागून हॉर्न वाजायचे. घाईनं पाऊल बाहेर पडलं असतं तर डोकं बाजूला झालं असतं. फार तर आऊट झाली असती. नेहमीसारखी चुकली असती तर डोळा राहिला असता, आणि एकदाच शहाण्यासारखी वागली तर तो गेला. हा हिशेब ती कुणाला सांगणार? आणि सांगितला तर नाव अक्षराचं येणार.

वर्षं गेली. शिवानी बी.एड. होऊन बिलोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. तिथं मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता, शिकवणारं कुणी नव्हतं. ती पूर्वी खेळायची, ही माहिती मुख्याध्यापक शेषेराव सरांनी कुठून तरी काढली आणि तिला गळ घातली. शिवानीनं दोनदा नकार दिला. मग एका दुपारी खिडकीतून बघितलं, तर पोरी विनाजाळीची हेल्मेटं घालून बॅटिंग करत होत्या. ती तशीच खडू हातात घेऊन खाली गेली आणि खेळ थांबवला. जाळीची हेल्मेटं आल्याशिवाय तिनं कुणाला बॅट हातात घेऊ दिली नाही. त्यानंतर संघ तिचाच झाला. चौकटीत मात्र ती स्वतः कधी उभी राहिली नाही. जे सांगायचं ते बाहेरून.

गेल्या हिवाळ्यात संघ लातूरला स्पर्धेला गेला. नाणेफेक एका पंचानं केली आणि प्लेटमागं उभी राहिली दुसरीच, तोंडावर जाळी बांधलेली एक बाई. शिवानीचं तिकडं लक्ष नव्हतं. बॅटला होती गोदावरी, संघातली सगळ्यात धीट पोर. तिनं मारलेला चेंडू प्लेटपाशी आपटला, उसळला आणि खाडकन तिच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळला.

बाईनं दोन्ही हात वर केले. तोंडातून शब्द निघाला नाही. बेसवरच्या मुली पळत सुटल्या, पिचरनं चेंडू फेकला, सगळा गोंधळ. शेवटी मैदानातला दुसरा पंच ओरडला, "डेड बॉल! डेड बॉल!" शिवानी धावत गोदावरीपाशी पोचली. पोरगी हसत होती. "काही नाही झालं मॅडम, जाळी वाकली नुसती."

शिवानीनं मान वळवली. पंचबाईनं जाळी काढली होती आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होती. चेहरा पांढराफटक. अक्षरा होती.

त्या सामन्याला दुसरा पंच उभा करावा लागला. सामना संपला, बिलोलीच्या पोरी हरल्या आणि नळावर पाणी प्यायला गेल्या. अक्षरा मंडपामागं खुर्चीत बसून होती. शिवानी शेजारची खुर्ची ओढून बसली.

"यादीत तुझं नाव वाचलं," अक्षरा म्हणाली. "म्हणून टॉसला आले नाही. जाळी घातली की तू ओळखणार नाहीस, असं वाटलं."

"पंच कशाला झालीस?"

"त्या चौकटीपासून लांबच जाता येईना. दर सामन्यात पोरींचे पाय बघून राहते मी. बाहेर पडले तर बरं वाटतं." ती हातातल्या जाळीचे पट्टे ओढत होती. "मी ओरडले नसते तर तू पळाली असतीस, शिवे."

शिवानीनं हे वाक्य स्वतःशी इतक्या वेळा म्हटलं होतं, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकतानाही ते तिला स्वतःचंच वाटलं. ती पटकन म्हणाली, "मला कुठं ऐकू आलं? केवढा कल्ला होता. मला काहीच ऐकू आलं न्हाई."

अक्षरानं तिच्याकडं बघितलं. "तू मान हलवली होतीस."

पलीकडच्या मैदानावर पुढच्या सामन्याची आखणी चालली होती, वाऱ्यानं चुना उडत होता.

"हाव," शिवानी म्हणाली. "ऐकलं होतं. अजून ऐकू येतंय."

अक्षरानं तोंड पदरात घातलं असतं, पण अंगात पंचाचा शर्ट होता. तिनं नुसताच चेहरा हातांनी झाकला. शिवानीनं तिला रडू दिलं. रागवावं असं तिनं मनात कितीदा ठरवलं होतं, पण आता राग हाती लागेना.

"तू बरोबरच सांगितलं होतंस," ती शेवटी म्हणाली. "मी रोज पोरींना तेच सांगते. चौकटीबाहेर उभी राहून सांगते, पण तेच सांगते. दुसरं सांगण्यासारखं काही न्हाईच की त्यात."

"आणि मी आले नाही ते?"

"त्याचा राग हाय. तो जायचा न्हाई लवकर."

अक्षरानं मान डोलावली. हे तिला झेपण्यासारखं होतं.

महाशिवरात्रीच्या सुमाराला शिवानी घरी आलेली असताना अक्षरा उदगीरला आली. कमलम्मानं दार उघडलं, ओळखलं आणि वाट अडवून उभी राहिली. "इतके दिवस कुठं मेली होतीस गं?" अक्षरा वाकली, तिच्या पायावर हात ठेवले आणि उठेचना. कमलम्मा थोडा वेळ तशीच ताठ उभी होती. मग तिनं तिला दंडाला धरून आत ओढलं आणि पुढ्यात ज्वारीची भाकरी वाढली. वीरण्णा दुकानातून आले, त्यांनी पाव्हणीकडं बघितलं आणि हातपाय धुवायला गेले. जेवताना मात्र त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खेळाबद्दल विचारलं, "त्या दिवशी लई जोरात मारला होता का गं हिनं?"

"लई जोरात, अप्पा," अक्षरा म्हणाली.

वीरण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हळूहळू चावत राहिले.