सबखेवरचं शॉर्ट लँडिंग

मी एक चांगलं चालतं विमान चिखलात उतरवलं, आणि दार उघडून लोकांना हात हलवला.

चूक म्हणाल तर एवढीच. बाकीचं स्पष्टीकरण आहे, आणि ते मी हल्ली इतक्या इंटरव्ह्यूंमध्ये दिलंय की पाठ झालंय.

हात हलवला तो समोरच्या तंबूतल्या पाहुण्यांना. सगळ्यांचे मोबाइल माझ्याकडे रोखलेले. पुढे अबू सालेम, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घालून. वाळवंटातला हा महागडा कॅम्प त्याचा. त्याच्या शेजारी आमचे मॅनेजर पिल्लै सर. सर टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्या चाकांकडे बघत होते.

आमची कंपनी म्हणजे एक छोटं विमान, एक पायलट आणि पिल्लै सर. पर्यटकांना वरून वाळवंट दाखवायचं, हा धंदा. तो आटत चालला होता. अबू सालेमला कॅम्पवर पाहुणे विमानाने आणायचे होते, पण रनवे बांधायचा नव्हता. आधी उतरून दाखवा, मग काम देतो, म्हणाला. परवानग्या मिळवता मिळवता पिल्लै सरांचे उरलेले केसही गेले. आदल्या दिवशी मला म्हणाले, "कॅप्टन गोगटे, ये नहीं मिला तो खलास." खलास म्हणजे कंपनी. कंपनीबरोबर माझी नोकरी, माझा व्हिसा, अल नहदातला फ्लॅट. मुलगी मैथिली ऊद मेथाच्या शाळेत बारावीला होती. बोर्ड परीक्षा काही महिन्यांवर.

रनवे नसलेल्या जागी विमान उतरवायचं, याला बुश फ्लाइंग म्हणतात. बुश म्हणजे झुडूप. इथे तेही नव्हतं. हे काम मी आफ्रिकेत शिकलो आणि पुढे शिकवलं, गवतावर आणि नदीकाठी. गुपित फार नसतं. फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, पूर्ण खाली सोडायच्या. वेग इतका कमी ठेवायचा की आणखी थोडा कमी झाला तर पंख विमानाला धरून ठेवणार नाहीत. मग ठरवलेल्या ठिकाणी टेकवायचं, स्टिक, म्हणजे हातातला दांडा, पोटाशी ओढायची, ब्रेक. हे जमलं की विमान अगदी कमी जागेत थांबतं. बघणारे थक्क होतात. या थक्क होण्याचं व्यसन लागतं, एवढाच या कामातला धोका मी विद्यार्थ्यांना सांगायला विसरायचो.

पिल्लै सरांनी तंबूच्या मागे, कडक रेतीवर, झेंडे लावून पट्टी आखून ठेवली होती. लांब, सरळ, सुरक्षित. पण तंबूच्या मागे! म्हणजे पाहुणे कॉफी पिणार पुढे, आणि माझं लँडिंग बघणार तंबूचे खुंटे. तंबूसमोर मात्र कॅरमबोर्डासारखी सपाट जमीन पसरली होती.

ती सबखा होती. सबखा म्हणजे मिठाची आणि गाळाची जमीन. वरून पापड, खाली पिठलं. उन्हाळ्यात कडक असते. हिवाळ्यात धुकं पडलं की वरून तशीच दिसते आणि आतून भिजते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. अशा जागी उतरायची एक रीत आहे. आधी चाकं हलकेच टेकवत जायचं, न थांबता पुन्हा वर उठायचं, आणि वळून आपल्याच चाकांची खूण बघायची. खूण पांढरी असेल तर उतरा. काळी, ओली असेल तर घरी जा. ही रीत मी कित्येकांना शिकवली. न करणाऱ्यांना झापलंही.

त्या सकाळी केली नाही. एक तर टेकवून पुन्हा वर गेलो असतो, तर पाहुण्यांना वाटलं असतं, कॅप्टनला पहिल्या फटक्यात जमलं नाही. दुसरं म्हणजे त्या जमिनीवर पिकअपच्या टायरचे माग दिसत होते. मी हिशोब केला: पिकअप माझ्या विमानापेक्षा जड. तिला चालली तर मलाही चालेल. माग मध्येच संपत होते, तेही मला दिसलं. पण का संपत होते, हा प्रश्न मला पडला नाही. ड्रायव्हरला पुढची जमीन मऊ लागली होती आणि तो तिथून आल्या मागाने रिव्हर्स गेला होता. तंबूच्या अगदी समोर थांबायचं म्हणून मी टेकलो ते त्या जागेच्या पुढे.

विमान टेकलं, आणि मी ब्रेकला पाय लावायच्या आत थांबलं. मला वाटलं, वा! काय टेकवलंय! दार उघडलं. हात हलवला.

मग पाऊल खाली ठेवलं. बूट तिथेच राहिला.

पिल्लै सर पँट दुमडून, चपला हातात घेऊन आले. "पीछे पट्टी बनाया था ना, कॅप्टन?"

"सर, इकडून चांगलं दिसतं."

"किसको?"

अबू सालेम काठावरच थांबला होता. त्याला राग आलेला नव्हता; तो हसत होता, ते हसू मला आजही आठवतं. "कॅप्टन, सबर, सबर," तो ओरडला. "मैं लकड़ी का फट्टा मंगाता हूँ. तब तक गहवा पियो."

इथे मी गहवा, म्हणजे ती अरबी कॉफी, प्यायलो असतो तर आज ही गंमत म्हणून सांगितली असती. संध्याकाळपर्यंत फळ्या आल्या असत्या, आठ-दहा माणसांनी विमान कडेला ओढलं असतं, अबू सालेमने कदाचित मागची पट्टी वापरायला होही म्हटलं असतं. पण मोबाइल अजून रोखलेले होते. चिखलात रुतलेलं विमान आणि शेजारी एक बूट घातलेला कॅप्टन, हे चित्र मला सहन होईना.

"सर, फुल पॉवर दिली की निघेल."

"पक्का निकलेगा?"

"इन्शाल्ला."

पिल्लै सरांचा चेहरा उतरला. पायलटने इन्शाल्ला म्हणायचं नाही, असा आमच्या ऑफिसचा नियम होता.

चाकं रुतलेली असताना पूर्ण ताकद दिली की विमानाला पुढे जायचं असतं आणि चाकांना नसतं. अशा वेळी स्टिक पोटाशी घट्ट ओढून शेपूट खाली दाबून ठेवायची. मी ठेवली. विमान जरासं हललं. मला वाटलं, सुटलं! शेपूट हलकी व्हावी म्हणून स्टिक किंचित पुढे सोडली. शेपूट हलकी झाली. वरच गेली. नाक खाली आलं आणि प्रॉपेलरने चिखल कापला, मग चिखलाने प्रॉपेलर वाकवला. इंजिन बंद. एकदम शांतता. मी पट्ट्यात लोंबकळत, काचेतून सरळ सबखा बघत होतो. इतक्या जवळून ती अजिबात सपाट दिसत नाही.

प्रॉपेलर असा आपटला की सगळं इंजिन उघडून तपासावं लागतं. कंपनीची तेवढी ऐपत नव्हती. कोणी मला ओरडलंही नाही. पिल्लै सर विमानाच्या पंखाखाली उकिडवे बसले आणि फोनवर कोणाला तरी मल्याळममध्ये हळू आवाजात बराच वेळ काही सांगत राहिले. त्यांच्या बायकोला असावं. अबू सालेमने माझ्यासाठी गहवा पाठवला. तो मी प्यायलो. 

पुढे पंख सुटे करून विमान ट्रेलरवर गेलं. पाहुणे आता जीपने जातात. कंपनी बंद झाली. पिल्लै सर त्रिशूरला गेले, त्यांनी मला दोष दिला नाही आणि फोनही उचलला नाही. देऱ्याच्या बाजारात एका ट्रेडिंग ऑफिसात बायकोची नोकरी आहे, मुलीचा व्हिसा आता आईच्या नावावर. फ्लॅट सोडून आम्ही देऱ्यातच एका खोलीत आलो. पडद्याच्या पलीकडे दुसरं कुटुंब राहतं. ते खोकले की आमच्याकडे कळतं. कोपऱ्यात माश्यांसाठी चिकट ग्लू ट्रॅप ठेवलेला. मैथिली पलंगावर पाय दुमडून फिजिक्स करते. मी व्हिजिट व्हिसावर अर्ज करत असतो. इंटरव्ह्यूत सगळ्यांनी तो व्हिडिओ आधीच पाहिलेला असतो.

धडा विचाराल तर कोरडाच आहे: माग कुठून येतो ते कोणालाही दिसतं. तो कुठे संपतो आणि का, ते बघून मग उतरावं.

पण खरं सांगू? टेकणं सुंदर होतं. परवा मैथिलीला व्हिडिओ दाखवला, शेपूट वर जाण्याआधीचा भाग. म्हटलं, "बाकी सोड गं, पण किती कमी जागेत थांबवलं बघ. आहे का कोणाची टाप?"

मैथिली माझ्याशी इंग्रजीतच बोलते. मराठीवर येते ती मला नीट कळावं असं वाटलं तरच. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, ग्लू ट्रॅपवर माशी याहून कमी जागेत थांबते."