साडूंनी पुजलेला गेम

जगात जे यंत्र चालत नाही, ते केवळ पूजा न झाल्यामुळे, असा माझ्या साडूंचा सिद्धांत आहे. पोलादपूरला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि बंद पडलेला पंप परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाला, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं होतं का, असं विचारणारा दुकानदार अख्ख्या रायगडात हा एकच असावा. घरच्या टीव्हीलाही दरवर्षी काचेच्या मधोमध ओलं कुंकू लागतं, आणि ते पुसलं की पाप. त्यामुळे या घरात बातम्या द्यायला येणारी बाई काय, बाप्या काय, ठसठशीत कुंकू लावूनच येतो. जरा मान हलवली की ते नाकावर जातं, एवढंच. वायरींची गोष्ट वेगळी. आजवर त्यांनी एकही वायर फेकलेली नाही. माळ्यावर पोतंभर आहेत, पण हवी ती वायर त्यातून निघाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मेव्हणीने एकदा ते पोतं भंगारात काढते म्हटलं, तर साडूंनी अन्नत्याग केला. नुसत्या पोह्यांवर राहिले बिचारे.

यंदा दसऱ्याला त्यांची मुलगी मृणाल मुंबईहून आली. दिवाळीनंतर ती नोकरीसाठी कॅनडाला जायची होती. येताना तिने हातात धरून खेळायचा गेम आणला होता, आणि आल्यापासून सोफ्याच्या कोपऱ्यात मान खाली घालून ती त्यातच बुडालेली. दसऱ्याच्या दुपारी साडूंनी मला फोन केला. मी कधीकाळी कुणाचा तरी सेट-टॉप बॉक्स ठोकून चालू केला होता, तेव्हापासून नात्यात माझी इंजिनियर म्हणून अपकीर्ती आहे. पोरगी शेजारी सोनं द्यायला गेलीय, तेवढ्यात येऊन गेम टीव्हीला जोडून द्या, म्हणाले. मी म्हटलं, खेळू दे की तिला तिच्या पडद्यावर, तुमचं काय जातं?

"भाऊ, आल्यापासून पोरीचा नुसता भांग दिसतोय मला," साडू म्हणाले. "तोंड कधी बघायचं? ती गेल्यावर?"

मी लगोलग महाडहून निघालो.

गेम उभा करून ठेवायची खोबण मृणालने आणलीच होती. त्या खोबणीतून एक वायर टीव्हीला गेली की झालं. शेंबड्या पोराला जमावं असं काम. साडूंनी मात्र पोत्यातल्या यच्चयावत वायरी लावून पाहिल्या होत्या, त्यात एक जुन्या इस्त्रीची. टीव्हीवर आपलं 'नो सिग्नल'. मी गेम उलटा केला, तर खोबणीत बसायचं, चार्जिंगचं भोक लालभडक! सकाळी तराजू, ड्रिल मशीन आणि स्कूटरच्या पंगतीला साडूंनी त्यालाही पाटावर बसवलं होतं. करंट शिरतो तिथंच कुंकू लावायला नको का, असं वर मलाच विचारलं. आतून झेंडूची पाकळीही निघाली.

तेवढ्यात मृणाल आली. मला वाटलं, आता भडका उडणार. तिने ते भोक पाहिलं, बापाचा चेहरा पाहिला, आणि मटकन खाली बसून हसत सुटली. मग काडीला कापूस गुंडाळून तिनेच साफसफाई केली आणि टीव्हीवर गाड्या आल्या. संध्याकाळभर बापलेकीची शर्यत चालली. वळणावर साडू गाडीपेक्षा स्वतःच जास्त वळत. मेव्हणी दोनदा सोफ्यावरून पडता पडता वाचली. शिवाय मागून कुणी आलं की साडू बाजूला होऊन साइड देत. आंबेनळी घाटात हयात गेलेला माणूस तो! साहजिकच दरवेळी शेवटचे आले. पण त्यांचं टीव्हीकडे लक्ष होतंच कुठे? ते लेकीकडे बघत होते.

मृणाल गेली. जाताना गेम बाबांना देऊन गेली. परवा पोलादपूरला गेलो, तर भरदुपारी दुकान बंद आणि साडू घरात टीव्हीसमोर. पडद्याचे दोन भाग, दोन गाड्या. स्वतःची गाडी एका वळणापर्यंत न्यायची, तो रिमोट खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा आणि मृणालची गाडी तिथवर आणायची, असं चाललेलं. मी म्हटलं, साडूभाऊ, अशाने ही शर्यत संपायची कधी?

"घाई कुणाला हाय?" ते म्हणाले, आणि लेकीची गाडी त्यांनी अलगद आपल्या गाडीशेजारी आणून उभी केली.