ओट्यावरची खाट

भंडारा जिल्ह्याची विभागणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच सुमारास बदली होऊन मी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आलो. क्वार्टर लहान होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पत्र्याखाली ओटा. ओट्यावर एक लोखंडी खाट होती. आमच्या संसाराविषयी मला जे सांगता येईल, ते त्या खाटेपासूनच सुरू होते.

धाकट्याच्या जन्माच्या वेळी पत्नीची दुसऱ्यांदा सिझेरियनची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की तिसरे बाळंतपण जिवावर बेतू शकते. पोट उघडलेच आहे, तर नसबंदीही आताच करून टाकू. मी नको म्हणालो. आम्ही कॅथलिक. मूल न व्हावे म्हणून देहात कायमचा बदल करणे किंवा साधने वापरणे आमच्या श्रद्धेला मान्य नाही. संयम मान्य आहे. हे मी नम्रपणे सांगितले, आणि त्या नम्रतेचा मला थोडा अभिमानही वाटला. पत्नी भुलीत होती. तिला विचारायचे राहून गेले, असे मी पुष्कळ वर्षे म्हणत आलो. खरे म्हणजे, तिला विचारावे हे मला सुचलेच नव्हते.

पुढे एका धर्मभगिनीने आम्हा दोघांना नैसर्गिक पद्धत शिकवली. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी पत्नीने तोंडात थर्मामीटर धरायचा. महिन्याच्या मध्यावर पारा किंचित चढतो. तो चढलेला राहिला, काही दिवस टिकला, की गर्भ राहण्याचा काळ सरला असे समजायचे. तोवर दूर राहायचे. एकाच खोलीत दूर राहणे मला जमेना, म्हणून मी ओट्यावरच्या खाटेवर झोपू लागलो. पारा स्थिरावला की माझे अंथरूण आत येई.

शेजारी आंधळगावचा होता, बौद्ध कुटुंबातला, माझ्याच सेक्शनमधला. एका थंडीच्या सकाळी मी गोधडी घडी करत असताना त्याने कुंपणावरून हाक मारली.

"काहून भाऊ, आज पुन्हा बाहेर? वहिनीनं हाकलून देल्लं काय?"

"आत उकडतं," मी म्हणालो.

"डिसेंबरात?" तो मोठ्याने हसला. "मले सगळं समजते, भाऊ. मी तं ऑपरेशनच करून घेतलं. थोडा आराम केला अन् ड्युटीवर हजर. बायको खूश, मीबी खूश."

"गप बसा जी!" त्याची बायको आतून ओरडली. "सकाळी सकाळी काय लावून राहिले!"

माझी पत्नी अंगण झाडत होती. तिने ते ऐकले. दुपारी मला वाढताना ती म्हणाली, "पुरुष असून त्यांनी स्वतःचं करून घेतलं."

"त्यांचा धर्म वेगळा आहे."

"मला भीती वाटते, अहो."

"देव आहे," मी म्हणालो. तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

उन्हाळा त्या मानाने सोपा जाई. साऱ्या वसाहतीच्या खाटा अंगणात येत, आणि कोण कशासाठी बाहेर झोपला आहे हे कुणालाच कळत नसे.

एका वर्षी दिवाळीनंतर वसाहतीत मलेरियाची साथ आली. एका सकाळी मी थर्मामीटर खिडकीशी धरला, तर पारा चढलेला होता.

"अंगात कणकण आहे," पत्नी म्हणाली. "हा तापाचाच असेल."

"एवढासा ताप नसतो," मी म्हणालो.

आजारपणात पाऱ्यावर विसंबू नये, हे धर्मभगिनीने बजावले होते आणि मला ते आठवतही होते. पण मला आत यायचे होते. पारा तसाच राहिला आणि अंथरूण आत आले. त्यानंतर तिला हुडहुडी भरली आणि खरा ताप चढला.

तिला दिवस राहिले होते. सातव्या महिन्यात शस्त्रक्रियेची जुनी जखम आतून उसवली. नागपूरला नेईपर्यंत मूल गेले होते. मुलगी होती. तिचा बाप्तिस्माही झाला नाही. पत्नीचा जीव वाचवायचा तर गर्भाशय काढावे लागेल, असे डॉक्टर म्हणाले. या वेळी मी हो म्हणालो.

रविवारच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, बाहेरून येणाऱ्या फादरांपुढे मी पापनिवेदनाला गुडघे टेकले. पाऱ्याचे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "तुम्ही पती-पत्नी आहात. शिकवण तुम्ही मोडलेली नाही. मग यात पाप कुठे आहे?" ते म्हणाले आणि आमच्या दुःखासाठी त्यांनी प्रार्थना केली. मला क्षमा हवी होती. मिळाले ते सांत्वन. पुढे आणखी फादर आले, बदलून गेले. प्रत्येकापुढे मी शब्द बदलून पाहिले. शिकवण मोडली असती, तर त्या पापाला नाव होते आणि नाव असलेल्या पापाला क्षमाही होती. ती कणकण आहे म्हणाली आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे केले, हे दहा आज्ञांपैकी कोणत्या आज्ञेखाली सांगायचे, ते मला अजून उमगलेले नाही.

ती दवाखान्यातून घरी आली त्या संध्याकाळी मी माझे अंथरूण आत घातले. आता कोणताच दिवस धोक्याचा उरला नव्हता. तिने माझी उशी उचलली आणि टाक्यांवर हात दाबून, सावकाश चालत जाऊन ती बाहेर खाटेवर ठेवली.

"आता कशाला?" मी विचारले.

"असू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता, तर मी कधीतरी पुन्हा विचारले असते.

मुले नोकरीसाठी बाहेरगावी गेली. शेजारी आता कुंपणावरून काही विचारत नाही. घरोघरी कूलर आले, काहींकडे एसी आले, आणि उन्हाळ्यातही कुणी अंगणात झोपत नाही. बारा महिने ओट्यावर एकच खाट दिसते.

त्या खाटेची मच्छरदाणी मात्र पत्नी रोज स्वतः बांधते. "कडा नीट खोचा," ती म्हणते. "घरात पुन्हा ताप नको."

मी कडा खोचतो. ती आत जाते आणि दाराला कडी लावते.