दोनदा ओतलेला कोबा

सेलेस्तिनो आरुदा काँक्रीट बुटाने वाचायचा. ओतलेल्या कोब्याच्या कडेला उभा राहून उजवा पाय हलकेच ठेवायचा, उचलायचा आणि उमटलेला ठसा बघायचा. ठसा करंगळीच्या नखाच्या निम्म्याने खोल असला की म्हणायचा, आणा यंत्र. मग घोटाईचं यंत्र फिरायला लागायचं आणि दुपारपर्यंत कोबा असा व्हायचा की त्यात छतावरचे दिवे दिसावेत. टोरोंटोतली दोन इस्पितळं, एक पोलीस ठाणं आणि गाड्या ठेवायचे कितीतरी मजले त्याने छत्तीस वर्षांत असेच घोटून दिले होते. त्याचा एकही कोबा कुणाला फोडावा लागला नव्हता. हे तो स्वतःहून कधी सांगायचा नाही, पण दुसरं कुणी सांगायला लागलं तर थांबवायचाही नाही.

कागदाशी मात्र त्याचं वाकडं होतं. पोर्तुगालच्या साओ मिगेल बेटावरून आला तेव्हा शाळा चौथीपर्यंतच झालेली, आणि इंग्रजी शिकला ते बांधकामावर, त्यामुळे त्यात शिव्यांचा भरणा जास्त. काँक्रीटच्या ट्रकबरोबर चलन येतं, त्यात माल काय आहे ते लिहिलेलं असतं. सेलेस्तिनो त्यावर न बघता सही ठोकायचा. चौदा वर्षं त्याच्या हाताखाली असलेला एल्मिरो रापोझो एकदा म्हणाला होता की वाचून तरी बघत जा. मला काय कागद घोटायचाय, असं म्हणून सेलेस्तिनोने त्याला उडवून लावलं. इतर जुने मेस्त्रीही असंच करायचे. पाय असताना कागद कशाला, असा त्या सगळ्यांचा तोरा होता.

निवृत्तीला सहा महिने उरलेले असताना त्याला अगदी घराजवळचं काम मिळालं. त्याच्या गल्लीपासून चार चौक पुढे महापालिका नवं वाचनालय आणि सभागृह बांधत होती, आणि ते नेट झिरो व्हायचं होतं, म्हणजे हवेत कार्बन सोडण्याच्या बाबतीत त्या इमारतीचा हिशेब शून्यावर यायला हवा होता. आराखड्यात छपरावर सौरपट्ट्या आल्या, ऊब जमिनीच्या पोटातून घ्यायची ठरली, खिडक्यांना तिहेरी काचा आल्या. घोडं अडलं ते काँक्रीटपाशी, कारण सिमेंट भट्टीतून बाहेर पडतानाच ढीगभर कार्बन सोडून आलेलं असतं. त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा काही भाग काढून त्या जागी पोलादाच्या भट्टीतली मळी दळून घालायची, असं ठरलं.

ही सगळी गणती करायला लेस्या वोलोशिन नावाची तिशीतली मुलगी नेमलेली होती. पोरगी मनापासून काम करणारी होती, हे कबूल केलंच पाहिजे. डोक्यावर शिरस्त्राण चढवून ती बांधकामावर यायची, सेलेस्तिनोशेजारी फळीवर बसायची आणि त्याच्या बायकोने, इदालिनाने, भाजलेला गोड पाव खायची. या मालात एक तृतीयांश मळी आहे, थोडा सावकाश घट्ट होईल, असं तिने त्याला समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "पोरी, तू राख घाल नाहीतर रताळी घाल. कधी घोटायचं ते माझा पाय सांगेल."

ओतायच्या आधीच्या शुक्रवारी तिचा कार्बन वाचवण्याचा आकडा थोडक्यात कमी पडला. तो गाठायला मळीचं प्रमाण एक तृतीयांशावरून निम्म्यावर न्यावं लागलं. तशी मेल निघाली, काँक्रीटच्या कारखान्यात गेली, कंत्राटदार सिल्व्हानोच्या कचेरीत गेली, सगळ्यांनी होकार कळवला. जो माणूस त्या काँक्रीटवर प्रत्यक्ष गुडघे टेकणार होता त्याला सांगायचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. चलनावर छापलेलं होतं. अकरा ट्रक आले, अकरा चलनांवर सेलेस्तिनोने सह्या केल्या.

ऑक्टोबर संपत आला होता आणि सभागृहाच्या दारं-खिडक्या अजून न बसवलेल्या बाजूने कोरडा, बोचरा वारा आत शिरत होता. त्या वाऱ्याने कोब्याची वरची साय वाळली. आतला माल कच्चाच होता, पण साय वाळल्यामुळे ठसा नेहमीसारखाच उमटला. एल्मिरोने कडेला अंगठा खुपसून पाहिला आणि अजून थांबू या का, असं हळूच विचारलं. "माझ्या पायाला शिकवतोस?" एवढंच सेलेस्तिनो म्हणाला, आणि यंत्रं फिरली. दुपारी तीनला कोबा आरशासारखा झाला होता. सिल्व्हानोने त्याच्या पाठीवर थाप मारली.

आत अडकलेलं पाणी वर यायला धडपडत राहिलं आणि घोटलेल्या सायीखालीच कोंडलं. तीन आठवड्यांनी तपासनिसाने जमिनीवरून साखळी ओढली तेव्हा जागोजागी पोकळ आवाज आला. नखाने उचलावेत तसे पापुद्रे सुटत होते. सभागृहाचा निम्म्याहून जास्त कोबा वाया गेला होता.

बांधकामावरच्या पत्र्याच्या कचेरीत बैठक झाली. लेस्याचा चेहरा उतरला होता. मी शुक्रवारीच सगळ्यांना मेल केली होती, असं ती पुन्हापुन्हा सांगत राहिली.

"मला मेल येत नाही, पोरी," सेलेस्तिनो म्हणाला. "मी तिथेच उभा होतो. चार पावलं चालून येऊन सांगायचं."

सिल्व्हानोने चलनांचा गठ्ठा त्याच्यासमोर सरकवला. "ती चुकली असेल, मीही चुकलो असेन. पण यावर काय छापलंय ते बघ. निम्मी मळी. अकरा कागद, सेलेस्तिनो. सह्या कुणाच्या?"

"माझ्या."

त्याला कांगावा करता आला असता. बाकी सगळ्यांनी केलाच होता, तोही सभ्य भाषेत. याने केला नाही. चूक माझी, असं म्हणाला आणि एकच मागणं मागितलं: हाच कोबा, याच मालाचा, मला पुन्हा ओतू दे. मजुरी नको. सिल्व्हानो बघू म्हणाला. ज्याला नाही म्हणायचं असतं तो माणूस असंच म्हणतो, पण त्या दिवशी सेलेस्तिनोला ते ओळखू आलं नाही.

तो माल इथेच ओतून बघतो, असं घरी येऊन त्याने सांगितलं आणि गॅरेजमधली दारूची पिंपं बाहेर अंगणात काढली. इदालिना दारात येऊन उभी राहिली. तिने आधी पिंपांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बासष्टाव्या वर्षी माणसं बाई ठेवतात म्हणे," ती म्हणाली. "तू काँक्रीट ठेव." तरी संध्याकाळी केल नावाच्या पालेभाजीचं सूप तिने गॅरेजमध्येच आणून दिलं.

कारखान्यातला एक ट्रकवाला त्याच्याच गावचा होता. त्याच्याकडून तोच निम्म्या मळीचा माल आणून त्याने गॅरेजमध्ये दाराएवढा तुकडा ओतला. सभागृहात असेल तेवढीच ऊब ठेवली. पहिल्या तुकड्यावर पायाचं ऐकलं, तो सुटला. दुसऱ्यावर ओलं गोणपाट टाकून साय वाळू दिली नाही, पण घाईने यंत्र लावलं, तोही सुटला. तिसऱ्या खेपेला त्याने वही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस काँक्रीटशेजारी पेन्सिल घेऊन बसला आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने मोडक्यातोडक्या अक्षरात लिहीत राहिला. सकाळी सातला ओतलं. पहिला हात लाकडी रंध्याने, म्हणजे गवंड्याच्या सपाट फळीने दिला. यंत्र लावलं ते दुपारी सव्वादोनला. दहा दिवसांनी हातोडा मारला तेव्हा तुकडा घंटेसारखा वाजला. सेलेस्तिनोने इदालिनाला हाक मारली, पुन्हा मारून दाखवला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वासात तास. शहरातल्या एकाही मेस्त्रीला हे ठाऊक नव्हतं, त्याला ठाऊक होतं.

डिसेंबरात तो वही आणि त्या तुकड्याची ढलपी घेऊन सिल्व्हानोकडे गेला. लेस्याही तिथे होती. तिने ढलपी हातात घेतली, वही उघडली आणि वाचताना तिचा चेहरा खुलला. होऊ शकतं, सिल्व्हानो, ती म्हणाली, हे खरंच होऊ शकतं. सिल्व्हानोने वहीला हातही लावला नाही. उद्घाटन एप्रिलात ठरलेलं, विमेवाल्यांना नवा प्रयोग नको, साधं सिमेंट ओतायचं असं कधीच ठरून गेलेलं, आणि एल्मिरो ते करेल.

"निदान मला उभं राहू दे," सेलेस्तिनो म्हणाला. "हात नाही लावणार."

"विम्याच्या कागदावर तुझं नाव लिहिलंय. कुंपणाच्या आत तुला पाय टाकू दिला तर ते माझी मान धरतील. घरी बस, सेलेस्तिनो. तुला पेन्शन आहे."

लेस्याने वही मिटून त्याला परत दिली. ती काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला होता. ती आपले कागद आवरायला लागली. तिलाही घरभाडं भरायचं होतं, हे खरं असेल, पण त्या वेळी तिने खाल्लेला गोड पाव सेलेस्तिनोच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

जानेवारीत जुना कोबा सगळाच फोडला. समोरच्या बेकरीत कॉफी घेऊन बसलेल्या सेलेस्तिनोने राडारोड्याचे ट्रक जाताना मोजायचे नाहीत असं ठरवलं, आणि तरी मोजले. दोन दिवसांनी साध्या सिमेंटचे अकरा ट्रक आले. एल्मिरोने तो कोबा दुपारच्या जेवणाच्या आत घोटून मोकळा केला. त्यात अवघड काहीच नव्हतं.

एप्रिलात उद्घाटन झालं. इदालिना जाऊ नको म्हणत होती, मग त्याला एकट्याला पाठवायला नको म्हणून स्वतःही निघाली. दोघं शेवटच्या रांगेत बसली. नगरसेवकांनी दारापाशी बसवलेल्या पाटीवरचं कापड ओढलं. पाटीवर लिहिलं होतं की या सभागृहाच्या जमिनीत नेहमीच्या मानाने निम्माच कार्बन आहे. टाळ्या पडल्या. सेलेस्तिनोने ती पाटी दोनदा वाचली. हल्ली तो वाचायला लागला होता.

चहापाण्याच्या वेळी त्याने लेस्याला गाठलं.

"पोरी, ही ती जमीन नाही."

"मला माहीत आहे, मिस्टर आरुदा." तिने आजूबाजूला पाहिलं. "तो आकडा आराखड्यातला आहे. आधीच मंजूर झालेला."

"आणि जो फोडून फेकला तो? त्याच्या जागी हा साधा ओतला तो?"

"ती दुरुस्ती धरतात. दुरुस्तीची मोजणी वेगळी असते."

"कोण करतं ती?"

 तेवढ्यात कुणीतरी लेस्याला फोटोसाठी बोलावलं आणि ती गेली.

बाहेर पायरीवर एल्मिरो सिगारेट ओढत उभा होता. मेस्त्रीला बघून त्याने ती विझवली, एवढा मान त्याने अजून ठेवला होता. या इमारतीच्या नावावर सिल्व्हानोला आणखी तीन नेट झिरो कामं मिळाली होती, आणि तिन्हीकडे मेस्त्री एल्मिरोच होता. सेलेस्तिनोला हे कळलेलं होतं. हिवाळाभर गॅरेज आवरू दिलं नव्हतं ते याच्याचसाठी. हाताने नाही ओतता आलं तरी शिकवता येईल, एवढी एकच आशा त्याला उरली होती.

"रविवारी घरी ये," तो म्हणाला. "सव्वासात तास लागतात. पहिला हात यंत्राचा नाही, रंध्याचा. दोन रविवारांत शिकशील."

एल्मिरो पायरीकडे बघत राहिला. "नको, मेस्त्री. माझा रविवारही जाईल आणि तुमचाही."

"का? तीन कामं आहेत ना मळीची?"

"आराखड्यात मळी आहे. आकडा मंजूर झाला की हवामानाचं कारण दाखवायचं आणि साधं ओतायचं, असं सिल्व्हानोने आत्ताच सांगून ठेवलंय. हे काम असंच निभावलं ना."

 छत्तीस वर्षांतला एकुलता एक फुटका कोबा सेलेस्तिनोने गिळला होता, घरी बसणंही गिळलं होतं. हे मात्र घशाखाली उतरेना.

"मी चुकलो होतो, एल्मिरो," तो म्हणाला. "तुम्ही ठरवून करताय."

"हो, मेस्त्री," एल्मिरो म्हणाला. "म्हणून तर आम्हाला कुणी घरी बसवत नाही."