पूर्ण उमलण्याची वाट

माझी वहिनी झाडांच्या जनुकांवर काम करते, हे आमच्या इमारतीत अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. तळमजल्यावरच्या काकू तिच्याकडे खोकल्याचं औषध मागायला येतात आणि समोरचे गृहस्थ कुंडीतलं सुकलेलं लिंबू उचलून आणतात. वहिनी दोघांनाही एकच सांगते, "पाणी वेळेवर द्या आणि सारखं बघत बसू नका." गंमत म्हणजे दोघांनाही गुण येतो.

दादा शिंपी. प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाला खोल खिसे हवेत म्हणून वहिनी पहिल्यांदा त्याच्या दुकानात आली होती. दादाने ते इतके खोल शिवले की चिमटा काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागे. ती भांडायला म्हणून परत आली ती आमच्याच घरात राहिली.

प्रयोगशाळा नगरपालिकेच्या उद्यान विभागाची. खोल्या दोन. एकीत परीक्षानळ्या, दुसरीत बंद पडलेली गवत कापायची यंत्रं. रस्त्याच्या कडेच्या शोभेच्या झाडांना फुलं कधी यावीत, कशी यावीत, हे पाहणं वहिनीचं काम. वर्षानुवर्षं तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मग उद्यान अधीक्षकांनी नवी पांढरी गाडी घेतली आणि फुलझाडाखाली लावली. झाडावरून जांभळी फळं पडली, फळं खायला पाखरं आली, आणि पुढचं काय ते समजून घ्या.

साहेब तडक वहिनीकडे. "बाई, मला फुलं हवीत. फळं नकोत."

वहिनीने फळ्यावर फूल काढलं. "साहेब, फुलात तीन जनुकं पाळी लावून काम करतात. पहिलं एकटं असलं की बाहेरची हिरवी पानं होतात. पहिलं-दुसरं मिळून पाकळ्या करतात. दुसरं-तिसरं मिळून पुंकेसर. आणि तिसरं एकटं उरलं की मधोमध बियांचं घर."

"मग तिसऱ्याला घरी बसवा."

"बसवता येईल. पण फुलाला 'पुरे' म्हणणारंही तेच असतं. ते नसलं की पाकळ्यांच्या आत पाकळ्याच येतात आणि बियांच्या घराच्या जागी आणखी एक नवं फूल सुरू होतं. सहसा झाडच कंटाळतं आणि ते गाळून टाकतं."

"एका फुलाच्या भावात अनेक फुलं! मग बिघडलं कुठे?"

साहेबांना 'सहसा' हा शब्द ऐकूच आला नाही.

त्यातून त्यांना घाई. झाड लावलं की फुलायला वर्षं जातात, आणि साहेबांची निवृत्ती दारात उभी. मग वहिनीने 'तू आता मोठं झालंस' असं झाडाला सांगणारं जनुकही लवकर जागं केलं. परिणाम असा, की कार्यालयासमोरच्या चौकात गुडघ्याएवढं रोप लागलं आणि त्याच्या शेंड्यावर मुठीएवढी कळी धरली. निमंत्रणपत्रिका छापल्या: फूल पूर्ण उमलताच निवृत्त न्यायाधीशांच्या हस्ते फीत कापली जाईल. खुर्च्या आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं काम मला मिळालं, तो धंदाच माझा. वशिला घरचाच होता.

त्या सकाळी न्यायाधीश कात्री घेऊन फितीपाशी उभे राहिले. वहिनी भिंग घेऊन झाडाशेजारी बसली. कळी उमलू लागली, टाळ्या पडल्या.

"उमललं?" साहेबांनी विचारलं.

"उमलतंय."

दुपारीही ते उमलतच होतं. संध्याकाळी साहेब हळूच न्यायाधीशांना म्हणाले, "आता कापून टाकू या, सर. एवढं कोण बघतंय?"

"पत्रिकेत 'पूर्ण' असं छापलंय," न्यायाधीश म्हणाले. "अपूर्ण फुलावर मी फीत कापणार नाही. जन्मभर मी अर्धवट पुराव्यावर निकाल दिलेला नाही."

त्यांना खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी ते चष्म्याचं घर आणि उशी घेऊन आले.

कार्यक्रम असा सुरूच राहिला. माइक मोकळा ठेवणं बरं दिसत नाही म्हणून साहेब बोलत राहिले. झाडांचा विषय संपला, मग बालपण संपलं, मग ते स्वतःच्या दाढांवर आले. आवाज बसल्यावर त्यांनी माइक लोकांच्या हाती दिला. एका रोखपालाने बुटांच्या नाड्यांवर तीन भागांत भाषण केलं, आणि तिसऱ्या भागाला चौक गच्च भरला. वाहतूक पोलिसाने वाहनं मागच्या गल्लीतून वळवली आणि स्वतःही नाव नोंदवलं. न्यायाधीशांचं टपाल चौकाच्या पत्त्यावर येऊ लागलं. माझी आई विणकाम घेऊन पहिल्या रांगेत बसली ती बसलीच. घरी चल म्हटलं तर म्हणे, "कार्यक्रम अर्धा टाकून उठणं शोभतं का?" तिथे तिला दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या.

फूल आधी बादलीएवढं झालं, मग घमेल्याएवढं. बाहेरच्या पाकळ्या गळत, आतून नव्या येत. रोपटं वाकून जमिनीला टेकायला आलं तेव्हा दादाने अस्तराच्या कापडाची झोळी शिवून फूल काठ्यांना टांगलं. दर आठवड्याला तो टेप घेऊन जायचा आणि झोळी उसवून सैल करायचा. "कंबर वाढतेय बाईसाहेबांची," म्हणायचा.

एकदा कुणीतरी विचारलं, "अहो, तोडून का टाकत नाही?" साहेबांनी पाटीकडे बोट दाखवलं. 'फुले तोडू नयेत.' खाली सही त्यांचीच.

वहिनीची मात्र भूक गेली. ताटावर बसायची आणि कोशिंबिरीतले काकडीचे काप उलगडायला बघायची.

"दोष माझा आहे," ती दादाला म्हणाली. "'सहसा' मी फार हळू म्हटलं. भिंतीवर लिहायला हवं होतं मी ते."

"मग आता काय?"

"त्या फुलाला आता काही सांगता येत नाही. ते ऐकण्याच्या पलीकडे गेलंय. दुसरं झाड करते."

आणि ती कामाला लागली. या खेपेला तिने तिसरं जनुक पार बंद केलं नाही, नुसतं मंद केलं. पुंकेसर करण्याएवढा जोर त्यात उरला नाही, पण 'पुरे' म्हणण्याएवढा उरला. काही रोपं जळली, काहींनी नुसतीच पानं काढली. एकाने फूल दिलं, पण ते सबंध हिरवं. वहिनीने त्यालाही पाणी घातलं, कारण त्याचा काही अपराध नव्हता. शेवटी एक रोप जमलं. मांडीवर कुंडी घेऊन ती माझ्या स्कूटरवर मागे बसली आणि वाटभर मला म्हणत राहिली, "भाऊजी, खड्डा सांभाळा. भाऊजी, याला हिसका नको."

आम्ही कुंडी फितीच्या पलीकडे ठेवली. माइकवर तेव्हा एक बाई आपल्या नणंदेबद्दल सांगत होती, तीही थांबली. कळी उमलली. पाकळ्यांवर पाकळ्या आल्या आणि मग येईनाशा झाल्या. मधोमध एक हिरवी, मिटलेली गाठ.

न्यायाधीशांनी वहिनीचं भिंग घेतलं. "हे शेवटचं?"

"शेवटचं."

"यातून पुन्हा काही निघणार नाही ना?"

"नाही, सर. हे पूर्ण आहे."

साहेबांनी घसा खाकरला. "पण सर, पत्रिकेतलं फूल ते पलीकडचं..."

"पत्रिकेत 'फूल' म्हटलंय. कुठलं ते म्हटलेलं नाही," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी फीत कापली.

मी माइक बंद केला. चौकात एवढी शांतता पसरली की लोक घाबरले. कुणाला उठायचं सुचेना. रोखपालाच्या हातात चौथ्या भागाचे कागद होते, ते त्याने घडी करून खिशात घातले. साहेब तिथल्या तिथे निवृत्त झाले. त्यांची तारीख मधेच कधीतरी उलटून गेली होती. सगळे वहिनीकडे असे बघत होते, जणू तिने त्यांचं लग्नघर विस्कटलं.

आईने तर तिच्याशी बोलणंच टाकलं. "चांगला चाललेला कार्यक्रम बंद पाडला," एवढंच मला ऐकवायची, वहिनी शेजारी उभी असताना. वहिनी भाजी चिरत राहायची. एकदा मात्र म्हणाली, "आई, ते झाड मरायला टेकलं होतं हो." आईने सुया जास्तच जोरात चालवल्या.

थंडी पडली. चौकातल्या पहिल्या झाडाने पानं टाकली, साठवलेलं सगळं संपलं, आणि एका सकाळी गादी पडावी तसा आवाज करून ते फूल झोळीसकट खाली आलं. वहिनीने आणि मी ते गुंडाळून घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने दादाच्या मोठ्या कात्रीने ते मधोमध उभं कापलं. थर, थर आणि थर. अगदी तळाशी मोहरीएवढी हिरवी कळी, अजून उमलायच्या तयारीत.

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने तोंडावर हात धरला. ती रडते की हसते, मला कळेना. तेवढ्यात मागून आईने मान पुढे केली.

"एवढं सगळं करून अजून आत आहेच का?"

"आहेच, आई."

"अगो बाई." आईने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि वहिनीच्या खांद्याला खांदा लावून बसली. "दाखव बघू. यातलं 'पुरे' म्हणणारं कुठे असायला हवं होतं?"

वहिनीने कोटाच्या खिशात कोपरापर्यंत हात घातला आणि चिमटा बाहेर काढला.