आईनं माझ्या नावानं लावलेला दिवा

आधी आशाताईंचं सांगतो, मग काय झालं ते. मला लिहिताना भरकटायची सवय आहे. मधेच कुणी वाचायचं सोडलं तर निदान एवढं कळावं, की त्या होत्या म्हणून आज माझी आई आहे. आशाताई हे काही त्यांचं नाव नव्हे. सरकारी दवाखान्याकडून घरोघर फिरणाऱ्या, गरोदर बायांची विचारपूस करणाऱ्या अन् लेकरांच्या डोसाची आठवण देणाऱ्या बाईला आमच्याकडं सगळे आशाताईच म्हणतात. खरं नाव लिहिलं तर त्या रागावतील. त्यांच्यानंतर नाव घ्यायचं ते काकींचं. आमच्या भावकीतल्या, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या.

आमचं गाव वाशी तालुक्यातलं. घर गावाच्या कडेला, पुढं लिंबाचं झाड, बाजूला खळं. घरात आई एकटी. वडील गेले तसं आठवीतनं माझी शाळा सुटली. थोडी कोरडवाहू जमीन होती, ती चुलत्यानं वाट्यानं करायला घेतली, अन् मी इकडंतिकडं करत शेवटी गुजरातेत वापीला एका कारखान्यात पॅकिंगला लागलो. अजून तिथंच आहे. घर इतकं लांब, की निघायचं म्हटलं तरी आधी सुट्टीचा अन् भाड्याचा हिशोब करावा लागतो.

आईला ऐकू येत नाही. लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणतात. पण ती ओठ वाचते. समोरच्यानं तोंड उघडून बोललं की तिला सगळं कळतं. लग्नाच्या मांडवात पार त्या टोकाला बसलेल्या बाया एकमेकींच्या सुनांना काय नावं ठेवायल्यात, ते ती मला जेवताना सांगायची अन् मला ठसका लागायचा. गावातल्या बायांना हे ठाऊक. आईपासनं काही लपवायचं असलं की त्या तोंडाला पदर लावून बोलायच्या. आईचं म्हणणंच असायचं, "तोंड झाकलं की समजावं, आपल्यापासनं कायतरी चोरलंय."

मी वापीला आल्यापासनं दर रविवारी काकींचा पोरगा मोबाईल घेऊन आमच्या ओट्यावर बसायचा. व्हिडिओवर मी सावकाश बोलायचो, आई माझ्या ओठांकडं बघायची अन् मोठ्यानं ओरडून उत्तर द्यायची. तेवढीच आमची भेट.

मग कोरोना आला. गावानं शिवेवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केला. आशाताई घरोघर सांगत फिरल्या, म्हाताऱ्यांना जपा, त्यांच्या घरात शिरू नका, वस्तू हाताळू नका. आईला दमा. मला इथं झोप लागेना. सरपणाला जाईल, गिरणीत जाईल, चुलीच्या धुरात बसून खोकत राहील. मीच काकींना फोन करून विनवलं, "काकी, तेवढी दोन वक्ताची भाकर तुमच्याकडनं द्या. उंबऱ्याबाहेर ठेवा, आत जाऊ नका. अन् तोंडाला बांधून जावा." काकी म्हणाल्या, "आरं, सांगायचं काम हाय व्हय? माझीबी ती थोरली जाऊच की."

मोबाईलचा रविवारही बंद झाला. पोरगं म्हणालं, एकाच मोबाईलला सगळे हात लावायचे म्हणजे धोका. खरंच होतं त्याचं. मीच त्याला म्हणालो, नको नेऊ.

त्यातच माझ्या खोलीतल्या एकाला ताप आला अन् आम्हा सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये नेऊन ठेवलं. लग्नाचा हॉल असावा, छताला झालर तशीच लोंबत होती. खाली ओळीनं खाटा. दारात एक माणूस बसलेला, कुणाचा मास्क हनुवटीवर आला की तो तिथूनच ओरडायचा. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी फोन लावायचे. कुणी ओडियात बोलतंय, कुणी भोजपुरीत, भिंतीकडं तोंड करून कुणी रडतंय. मी मोबाईल छातीवर ठेवून पडायचो. लावणार कुणाला? माझ्या फोनला पलीकडं कानच नव्हता. काकींना लावायचा, त्या म्हणायच्या, "बरी हाय, ताट ठिवून आले." एवढंच. मग मी परत छताची झालर बघायचो.

आता इकडं घरी काय चाललं होतं, ते मला मागाहून कळलं.

आमच्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत. भावकीतली बाई भाकरी-पिठलं घेऊन जाते. त्याला कडू घास म्हणतात. जाणारी बाई जास्त बोलत नाही, तोंडाला पदर लावते, ताट ठेवते अन् निघते. सुतक असलेल्या घरात कुणी शिवाशिव करत नाही. हे सगळं आईनं जन्मभर बघितलेलं, केलेलं. अन् आता तिच्या उंबऱ्यावर रोज तेच व्हायला लागलं. काकी यायच्या, नाका-तोंडाला पदर गुंडाळलेला, ताट ठेवायच्या अन् माघारी वळायच्या. आशाताई यायच्या, तोंड बांधलेलं, लांबूनच बघून जायच्या. पाणी भरणाऱ्या बाया लिंबाखालनं जाताना तोंड झाकून पुढं सरायच्या. अन् रविवारचा माझा चेहरा बंद.

आजाराचं तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सुरुवातीला पोरांनी खोकून, गळा धरून, नाना सोंगं करून दाखवलं होतं. तिला वाटलं दम्याचीच नक्कल करायलीत. तिनं काठी फेकून मारली.

तिनं आपल्या मनानं हिशोब जुळवला. सगळं गाव आपल्यापासनं एकच गोष्ट लपवायलंय. पोरगं गेलं.

काकींनी एक दिवस ताट ठेवलं तर सकाळचं ताट तसंच, भाकरीला मुंग्या. दाराच्या फटीतनं आत बघितलं. भिंतीतल्या देवळीच्या खाली, जमिनीवर पिठाचा छोटा ढीग, त्यावर दिवा, वात दक्षिणेकडं. माणूस गेल्यावर लावतात तसा. शेजारी माझा शाळेतला जुना निळा शर्ट घडी करून ठेवलेला. आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे.

काकी तशाच पळत सुटल्या. आशाताई वरच्या आळीत एका आजारी घरी होत्या. तिथनं त्यांना हाका मारमारून आणलं.

आशाताईंनी आधी अंगणातनं खुणा केल्या. माझी उंची दाखवायला हात खांद्याएवढा धरला, मग लांब, पार लांब असा हात आभाळाकडं नेला. म्हणजे, पोरगं दूर गावी आहे. आईनं तो वर गेलेला हात बघितला अन् कपाळ बडवून घेतलं.

"आता गं!" काकी म्हणाल्या. "तू तर वरच पोचवलंस त्याला."

"मग कसं सांगू? लिहून दिलं तर वाचता येत न्हाय त्यांना."

"आरडून सांगू का?"

"कुणाला? लिंबाला?"

आशाताईंनी मास्कच्या दोरीला हात घातला. काकींनी लांबूनच हात आडवा केला. "अगं ए, सोडू नको. आत्ता आजाऱ्याच्या घरातनं आलीस. दमेकरी बाई हाय. काय झालं तर पोराला काय तोंड दाखवशील?"

"अन् उपाशी मेली तर काय दाखवू?"

काकींनी आडवा धरलेला हात खाली घेतला. आजही ते वाक्य आठवलं की मी दोन्ही बाजूंनी विचार करतो अन् मधेच थांबतो. वरच्या आळीतल्या त्या घरातला आजारी माणूस पुढं वारला, हे मला ठाऊक आहे. पुण्याहून आलेल्या नातवाला आजीनं मायेनं जवळ घेतलं अन् त्या घरातनं आजोबा अन् आजी मागंपुढं वारले, हेही ठाऊक आहे. त्या काट्या, ती तोंडं बांधणं, ते लांब राहणं फुकटचं होतं असं मी कधी म्हणणार नाही. पण माझी आई त्या आजारानं नाही, त्यापासनं वाचवता वाचवता चालली होती. ते कुठल्या सूचनेत बसत नव्हतं.

आशाताईंनी काय केलं? त्या खळ्यावर गेल्या. मूठभर भुसा उचलला अन् हात उंच करून सोडला. धान्य उफणायच्या आधी वारं कुणीकडनं आहे ते बघतात, तसा. भुसा आईच्या घराकडं गेला. मग त्या वळसा घालून पलीकडच्या बांधावर गेल्या, तिथं परत सोडला. आता भुसा शेताकडं उडाला. तिथं, आईपासनं चांगल्या लांब, उन्हात त्या उभ्या राहिल्या. काकींना खूण केली. काकींनी दारात जाऊन आईला काठीनं दिशा दाखवली. आशाताईंनी मास्क काढला अन् ओठ पुरते उघडून एकेक शब्द टाकला.

"पोरगं. जित्तं. हाय."

आई उठून दारात आली. बघत राहिली. मग तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "मला फसवायलात तुमी. जित्तं हाय तर दावा!"

माझा फोन वाजला तेव्हा मी खाटेवरच होतो. आशाताईंनी आपला मोबाईल धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुळशीच्या कट्ट्यावर टेकवला होता अन् स्वतः परत बांधावर गेल्या होत्या. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग आईचं कपाळ, मग आईचा डोळा, मग सगळी आई. मला इतकं बरं वाटलं की मी "माय!" म्हणून ओरडलो. तिनं माझं तोंड बघितलं. पांढऱ्या मास्कनं झाकलेलं. ती किंचाळली अन् मागं सरकली. मागनं काकींचा आवाज आला, "ते काढ की आधी तोंडावरचं! मढ्यावानी दिसायलास!"

मी दोरीला हात घातला. दारातला माणूस उठला. "ए, मास्क मत उतारो!" मी म्हणालो, "भैया, मेरी माँ को सुनाई नहीं देता." तो म्हणाला, "तो फोन क्यों किया?" आजूबाजूचे हसले. माझ्या शेजारच्या खाटेवरच्याला खोकला होता, तो काही हसला नाही. मला त्याच्याकडं बघून भीती वाटली, माझीही अन् त्याचीही. मी उठून टोकाच्या खिडकीशी गेलो, गजांतनं तोंड जमेल तेवढं बाहेर काढलं, पाठ हॉलकडं केली अन् मास्क काढला.

"माय," मी सावकाश म्हणालो, "मी बरा हाय. भाकर खा."

आई पडद्याच्या अगदी जवळ आली. बराच वेळ माझ्या ओठांकडं बघत राहिली. मग तिचं सगळं तोंड हललं.

"दाढी किती वाढिवलीस मेल्या!"

"अगं आक्का," काकी ओरडल्या, "आत्ता कुठं जिता झालाय, लगीच मेल्या म्हणायलीस?"

आईला ते ऐकू गेलं नाही. ती मला विचारत होती, तिथं वाढायला कोण आहे, कालवण तिखट असतं का, अन् पांघरायला काय. मी उत्तरं देत होतो. दारातला माणूस मागं येऊन उभा राहिला होता. बोलणं झाल्यावर मी मास्क बांधला तेव्हा म्हणाला, "खिड़की पर ही करना. रोज़."

आईनं दिवा विझवला. पिठाचं काय करायचं म्हणून काकींना विचारलं. काकींनी ते मुंग्यांना टाकायला लावलं. नंतर रोज संध्याकाळी आशाताई मोबाईल पिशवीत घालून तुळशीवर ठेवायच्या अन् बांधावर जाऊन उभ्या राहायच्या. घरी स्वयंपाक पडलेला असायचा त्यांचा.

पुढं त्यांना ताप आला. त्या रोज किती आजारी घरांत जायच्या, कुठनं आला कोण सांगणार? पण गावाला निमित्त मिळालं. "लोकांना श्यानपण शिकवती अन् सोता तोंड उघडं टाकून बोलती." "दुसऱ्याच्या म्हातारीपायी लेकरांना उघडं पाडलं असतं की." त्यांना शाळेच्या इमारतीत ठेवलं, एकटं. त्यांची पोरगी तेव्हा नववीत होती, रोज कंपाउंडच्या बाहेर येऊन उभी राहायची, आत यायला मनाई. आशाताई खिडकीत. मला हे काकींनी सांगितलं तेव्हा मी हॉलमधनं सुटून खोलीवर आलो होतो. खोलीत मी एकटाच. बाकीचे पायी गावाकडं निघून गेले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मी निघायला पाहिजे होतं, अन् लगेच वाटलं, बरं झालं निघालो नाही. दोन्ही खरं होतं.

आशाताई बऱ्या झाल्या. आईला काहीच झालं नाही. ती अजून माझी दाढी बघूनच बोलायला सुरुवात करते. मोबाईल आता काकींच्या पोराचा असतो, पण आशाताई वाटेवरनं जात असल्या की आई त्यांना हाक मारून बसवते अन् गूळ-शेंगा देते. परत कधी कुणी तोंड बांधून दारात आलं की आई आधी माझं नाव घेऊन विचारते, "हाय ना?" अन् समोरच्याला मास्क खाली करून "हाय" म्हणावं लागतं. काही जण करतात, काही घाबरतात. मी कुणाला दोष देत नाही.

मागच्या खेपेला मी गावी गेलो तेव्हा आशाताईंना म्हणालो, ताई, मी तुमच्यासाठी काय करू? त्या हसल्या. "तू काय करणार? सोताची दाढी कर." मग म्हणाल्या, "पोरीनं नर्सिंगचा फारम भरलाय. कुठं नंबर लागतोय कुणास ठाऊक. लांब लागला तर... तू एकटा राहिलेला हायस. तुला ठाऊक असंल कसं असतंय."

मला ठाऊक आहे. नव्या गावात उतरल्यावर स्टँडवर आपल्याकडं कुणीच बघत नाही, अन् पहिल्या रात्री पिशवी उशाला घेऊन झोपावं लागतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून ताई, हे इथं लिहून ठेवतो. तिचा नंबर कुठंही लागो, त्या गावच्या स्टँडवर ती उतरेल तेव्हा मी आधीच येऊन उभा असेन, तोंड उघडं ठेवून, म्हणजे तिला लांबूनच ओळख पटेल.